घरी विचारायचे

ती गेली त्या दिवशी पाणीखात्याचा फिटर कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. मोठ्या पाइपचा जोड सुटला होता, पाणी तोंडावर उडत होतं आणि त्याने दोन्ही हातांनी पाना आवळून धरला होता. शाळेचा शिपाई खड्ड्याच्या काठाशी येऊन उभा राहिला आणि काही बोलेना. हा शिपाई एरवी सुरू झाला की थांबत नसे, म्हणून फिटरला तिथेच कळलं.

"बाई?" त्याने विचारलं.

शिपायाने खाली बघितलं.

पाना सोडला असता तर अख्खा रस्ता पाण्याखाली गेला असता. जोडीदार खाली उतरून पाना हातात घेईपर्यंत फिटर तसाच उभा राहिला. पुढे लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. धीर कसला! हात सोडायचे कसे, तेच त्याला सुचत नव्हतं.

त्याची बायको सातवीला नागरिकशास्त्र शिकवायची. फळ्यावर लिहिता लिहिता खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. फळ्यावर तीन शब्द राहिले होते : हे काम कोणाचे?

आदल्या संध्याकाळी ती त्याला म्हणाली होती, "अहो, उद्या जरा लवकर या. एक विचारायचंय."

"मग आत्ताच विचार की."

"आत्ता नाही. रीतसर विचारायचंय."

"म्हणजे मी घरी येऊ की अर्ज करून येऊ?" तो म्हणाला होता, आणि ती हसली होती. बस, एवढंच.

तीन आठवड्यांनी शाळेने तिचं कपाट रिकामं करायला त्याला बोलावलं. कपाटात छत्री, चष्म्याचं जुनं घर, खडूंचे डबे आणि अकरा जाड वह्या निघाल्या. वर्षाला एक. प्रत्येकीवर लिहिलेलं : विचारणा वही. तो लहान बाकावर गुडघे दुमडून बसला आणि वाचायला लागला.

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला वीस मार्कांचा विषय. त्यानेही शाळेत तो घोकून घोकून पास केला होता आणि पेपर देऊन बाहेर पडताच विसरला होता. तिला ते मान्य नव्हतं. तिच्या वर्गाने दर वर्षी आसपासची एकच बिघडलेली गोष्ट निवडायची. बिघडलंय ते आंधळ्यालाही दिसतं, ती म्हणे. ते कोणाचं काम आहे ते शोधा. मग मुलं पत्र लिहीत, कचेरीत जात, विचारत. ओळख काढायची नाही, आवाज चढवायचा नाही, आणि तोंडी उत्तर घेऊन परत यायचं नाही. अकरा वर्षांत तिच्या वर्गांनी रस्त्यावरचे तीन दिवे लावून घेतले होते, वाचनालयाची वेळ तासाभराने वाढवून घेतली होती, आणि एका साहेबांना ‘मला माहीत नाही’ हे वाक्य सहीशिक्क्यासह लिहून द्यायला लावलं होतं. ते पत्र तिने जपून चिकटवलं होतं. फिटर ते वाचून एकटाच हसला. तिच्यामागे पहिल्यांदाच.

सातवी वही उघडताना त्याला आत काय आहे ते ठाऊक होतं. त्या वर्षी मुलांनी शाळेच्या अंगणातल्या गळक्या नळाबद्दल चार पत्रं लिहिली होती. बायकोची दगदग वाचावी म्हणून फिटरने सुट्टीच्या दिवशी गुपचूप जाऊन वायसर बदलला. दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती तणतणत.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"अगं, नळ गळत होता. दोन मिनिटांचं काम."

"चाळीस पोरं सहा महिने शिकत होती की नीट विचारलं तर उत्तर मिळतं. तुम्ही त्यांना शिकवलंत की बाईंचा नवरा फिटर असला की पुरे. ज्याच्या बाईंचा नवरा फिटर नाही त्याने काय करायचं?"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तिने त्याला वर्गासमोर उभा केला होता आणि मुलांनी त्याची उलटतपासणी घेतली होती. वहीत कुणाच्या तरी गोल अक्षरात नोंद होती : ‘नळ दुरुस्त झाला. उत्तर मिळाले नाही.’

मग त्याने यंदाची वही काढली. यंदा शाळेसमोरच्या बसथांब्यावरचा पिण्याच्या पाण्याचा नळ होता. आठ महिने कोरडा. मुलांनी पाच ठिकाणी विचारलं होतं आणि शेवटी पाणीखात्याच्या रजिस्टरच्या पानाची प्रत मिळवली होती. पानावर त्या नळासमोर महिन्यामागून महिना एकच शेरा होता : चालू. चालू नळ दुरुस्त कोण करणार? खाली तपासणाऱ्याची सही. ती झेरॉक्स असल्याने जरा फिकट होती, पण फिटरला आपली सही ओळखायला चष्मा लागला नाही.

त्या भागात बत्तीस नळ होते. महिनाअखेरीस खात्यातले सगळेच जण चहा पिता पिता पूर्ण पानावर ‘चालू’ लिहून टाकत. त्यात लबाडी आहे असं कुणाला वाटत नसे. तोही त्यातलाच. पोरं गावभर विचारत हिंडली आणि कळसा बाईंच्याच काखेत!

पानाखाली तिच्या अक्षरात, ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख घालून, दोन शब्द होते : घरी विचारायचे. पुढे उत्तरासाठी रिकामी ओळ.

मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, दारात आल्या तेव्हा त्याने वही मिटली.

"फिटरदादा, एक बोलू का? हा विचारणा वहीचा तास आता बंद करावा म्हणते. परीक्षा जवळ आलीये, आणि तिच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पण मुलांचं मन मोडायला नको. तुम्ही तो नळ तेवढा सोडा ना. तिच्या आठवणीसाठी. सगळं गोड होईल."

चावी त्याच्या पिशवीत होती. थांब्यामागचा व्हॉल्व्ह बंद असणार; अर्धा फेरा फिरवायचा, बस. सहीचा विषयही पाण्याबरोबर वाहून गेला असता.

"मोठ्या बाई," तो म्हणाला, "मला आधी वर्गात जाऊ द्या."

वर्गात फळ्यावरचे शब्द तसेच होते. मुलांनी भोवती चौकट आखून ‘पुसू नये’ लिहिलं होतं. पुढच्या बाकावर मॉनिटर होती, दोन वेण्यांची, सगळे तिला वकीलबाई म्हणत. फिटरने वहीचं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं.

"ही सही कोणाची, ते तुमच्या बाईंना मला विचारायचं होतं. राहून गेलं. ती माझी आहे."



"काका, तुम्ही नळ बघितला होता?" वकीलबाईने विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. न बघता लिहिलं."

"का?"

"कोणी विचारत नव्हतं म्हणून," तो म्हणाला.

मागून कुणीतरी म्हणालं, "मग आता सोडा ना पाणी!" वकीलबाई गर्रकन वळली. "गप रे! सातव्या वहीत काय झालं ते वाचलं नाहीस का?" आणि मग फिटरकडे बघून, जरा हळू, "काका, रजिस्टर दुरुस्त व्हायला हवं. ते कोणाचं काम?"

"साहेबांचं. पण मी लेखी दिल्याशिवाय ते हात लावणार नाहीत."

"मग द्या."

त्याने तिथेच, त्या लहान बाकावर बसून लिहिलं. मुलांनी त्याचा अर्ज तीनदा परत केला. ‘नजरचुकीने’ हा शब्द वकीलबाईने खोडायला लावला. "नजर गेलीच नव्हती, तर चुकेल कशी?" तिचा सूर इतका बाईंसारखा होता की फिटरला पेन खाली ठेवावं लागलं.

गुरुवारी तो आणि चार मुलं कचेरीत गेली. साहेब त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "वेडा आहेस का? दोन वर्षं राहिलीत नोकरीची. हा कागद आत आला तर चौकशी लागेल, आणि तुझ्या एकट्याची नाही. जा, व्हॉल्व्ह सोड, मी काही बघितलं नाही."

"ते मीही खूप वर्षं केलं, साहेब," फिटर म्हणाला. "काही न बघणं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बरं, बघतो पुढच्या आठवड्यात."

"लिहून द्याल का, साहेब?" वकीलबाईने हात पुढे करून विचारलं. आवाज चढला नव्हता. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फिटरकडे, आणि अर्जावर शिक्का मारून आवक क्रमांक घातला. परतीच्या वाटेवर मुलं तो क्रमांक पाठ करत चालली होती. फिटर मागे राहून त्यांच्याकडे बघत होता. संसार तिच्यासोबत केला, पण ती दिवसभर काय करत होती ते त्याला आत्ता दिसत होतं.

मोठ्या बाईंनी तास वर्षाअखेरपर्यंत राहू दिला. दर गुरुवारी फिटर मागच्या बाकावर जाऊन बसतो.

त्या गोष्टीला सात आठवडे झाले. चौकशीची नोटीस आली आहे, रजिस्टर दुरुस्त झालेलं नाही. मुलांचं दुसरं स्मरणपत्र परवा जाईल. रोज सकाळी तो पिशवीत चावी घेऊन थांब्यावरून जातो. नळ कोरडा आहे. आणि वहीतल्या त्या दोन शब्दांपुढची ओळ त्याने अजून भरलेली नाही.