सावलीने लागणारा दिवा

सकाळी नऊलाच सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांची नजर एका लाकडी पेटीवर खिळलेली. पेटीवर छोटा दिवा, मागे दिवेवाले महाराज. ते आजारी माणसाचा हात धरून पेटीवर ठेवायचे. दिवा लागला की आजार गेला, नाही लागला तर आठवड्याने पुन्हा यायचं. शरीरातला अंधार गळून पडला की दिवा आपोआप लागतो, असं ते सांगत. अंधारही मोठा आज्ञाधारक, महाराजांनी हात धरल्याशिवाय गळायचा नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा दिवा लागला होता. ताई शिवणकाम करते. तिच्या छातीत गाठ होती, ऑपरेशनची तारीखही ठरली होती. दिवा लागला त्याच दिवशी तिने ती रद्द केली. म्हणून मी तिथे गेले होते.

मी नवशिक्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पेटीच्या डाव्या कोपऱ्यात वाटाण्याएवढी काच दिसली आणि मी ती लगेच ओळखली. हा तर आमचा पहिल्या आठवड्यातला प्रयोग. माझा नंबर आला तेव्हा मी हात पुढे केलाच नाही, रुमाल त्या काचेवर टाकला. दिवा लागला. महाराज शांतपणे म्हणाले, "बघा, बाईंचा रुमालसुद्धा शुद्ध झाला." लोकांनी हात जोडले. मला दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं.

दुपारी ताईच्या शिलाई मशीनवर मी तसाच दिवा जोडला. एक बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, प्रकाश ओळखणारा एक सेन्सर, म्हणजे तशीच वाटाण्याएवढी काच. उजेड असेतो दिवा बंद, सेन्सरवर सावली पडली की चालू. रस्त्यावरचे दिवेही संध्याकाळी असेच लागतात, हे तिला सांगितलं. महाराज ज्याला बरं करायचं त्याचा हात डावीकडे, त्या काचेवर ठेवतात, बाकीच्यांचा उजवीकडे. ताईने सेन्सरवर दोऱ्याचं रीळ ठेवलं, उचललं, परत ठेवलं. दिवा दर वेळी इमानेइतबारे लागला.

"मग उद्या दवाखान्यात जायचं ना?" मी विचारलं.

तिने रीळ उचलून खणात ठेवलं. "कळलं गं मला सगळं. पण दिवा खोटा म्हटलं की गाठ खरी होते."

मी विनवण्या केल्या. भावजींनी समजावलं, चिडले, शेवटी रडले. ती जागची हलली नाही. चार महिन्यांनी दुखणं असह्य झालं तेव्हा ती आपणहून दवाखान्यात निघाली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले, आणि "आधी आला असतात तर..." एवढं बोलून थांबले.

सभागृहात आजही गर्दी असते.

सेन्सरला उजेड कळतो, सावली कळते. आजार कळत नाही. तुमच्या घरचं कुणी अशा दिव्यापाशी जाऊन आलं असेल, तर वाद घालत बसू नका. त्याची भीती ऐकून घ्या, त्याचा हात धरा आणि आधी डॉक्टरकडे न्या. युक्ती काय, नंतरही उघडी पाडता येते. मी आधी युक्ती उघडी पाडली.