माळ्यावरचा माणूस आणि मी

मित्रांनो, छपरावर चढून बघण्याची वेळ तुमच्यावर सहसा येत नाही, म्हणून तुम्ही मला पाहिले नसेल. मी आहे एक जुना कूलर. पत्र्याचा, चौकोनी, आणि आता गंजून पार विद्रूप झालेला. अमेरिकेतल्या टूसॉन गावातल्या लाल विटांच्या एका बैठ्या घरावर माझे सारे आयुष्य गेले. ते घर आणि मी एकाच वर्षी उभे राहिलो. मोठे युद्ध संपून काही वर्षे झाली होती आणि या वाळवंटात घरांचे नुसते पीक आले होते.

माझ्या तीन बाजूंना लाकडाच्या किसाच्या गाद्या. एक छोटा पंप त्या भिजवतो. पोटातला पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या गाद्यांतून ओढतो आणि पत्र्याच्या एका नळीतून खाली घरात सोडतो. छप्पर आणि खोल्यांचे छत यांच्यामध्ये एक बुटका माळा आहे. इतका बुटका, की तिथे माणसाला पोटावर सरपटावे लागते. माझी नळी त्या माळ्यातूनच खाली जाते. हवा खाली जाते आणि घरातले बोलणे वर येते. मला सगळे ऐकू येते, बोलता मात्र येत नाही. याचे दुःख मला आयुष्यात एकदाच झाले, पण ते फार झाले.

माझा मालक फेलिसियानो दर वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी शिडी लावून वर येई. तळातला क्षारांचा थर खरवडी, नव्या गाद्या बसवी, पंख्याच्या दोन्ही बेअरिंगांत तेल सोडी. मग खाली बायकोला ओरडून सांगे, "ओफेलिया, या घरात फुकटचं न खाणारा हा एकटाच आहे बघ." ती खालून म्हणे, "मग आजपासून त्यालाच वाढते."

माझी एक रीत आहे, ती त्या दोघांना पाठ होती. कूलर चालू असताना एखादी खिडकी वीतभर उघडी लागते. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आत येणार कुठून? जिकडची वाट उघडी, तिकडे माझा वारा. ओफेलिया दुपारी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवी, झोपताना निजायच्या खोलीची. जून महिन्यात, पावसाची चाहूल आणणाऱ्या सान हुआनच्या सणाआधी, जेव्हा हवेत थेंबभर ओल नसते, तेव्हा शेजारीपाजारी आमच्या बैठकीत येऊन बसत आणि माझे गुण गात.

फेलिसियानो गेला आणि शिडी वर येईनाशी झाली. तीन उन्हाळे मला तेलाचा थेंब मिळाला नाही. बेअरिंगे कोरडी पडली, पट्ट्याला भेगा गेल्या, गाद्यांचे दगड झाले. कबुतरांनी मात्र आठवण ठेवली. त्यांची कृपा माझ्या डोक्यावर रोज होत असे.

मग ओफेलियाने घर विकायला काढले. मुलगी नोगालेसला राहत होती, तिच्याकडे जायचे ठरले होते. घर घ्यायला आली कर्स्टन लुंडग्रेन नावाची शिक्षिका. ती उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातून आली होती. घर तपासायला तिने रुबेन ओचोआला बोलावले. रुबेन पन्नाशीचा, पोट सुटलेला, सारखा बोलणारा माणूस. अशी जुनी घरे तपासण्यात त्याचे आयुष्य गेले होते. त्याच्या धंद्याचा एक नियम होता: उन्हाळ्यात माळा आधी, कॉफी नंतर. सूर्य उगवायच्या आत माळ्यावरून खाली यायचे. दुपारी त्या माळ्यात पाव भाजून निघेल.

त्या दिवशी हा नियम मोडला. कर्स्टनची गाडी वाटेत बंद पडली आणि ती दुपार चढल्यावर पोहोचली. घर घेणारा आल्याशिवाय रुबेन तपासणी सुरू करत नसे. त्याचे म्हणणे, ज्याला राहायचे आहे त्याने डोळ्यांनी बघावे. त्यात व्यवहारातून मागे हटण्याची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. त्यानंतर घरात काहीही निघाले तरी ते कर्स्टनच्या गळ्यात.

ती घरात शिरली आणि पहिले काम काय केले, तर खिडक्या लावून घेतल्या. "बाहेर भट्टी पेटलीय आणि खिडकी उघडी?" ती म्हणाली.

"उघड ती," ओफेलिया म्हणाली. "इथे थंडाई हवी असेल तर खिडकी उघडावी लागते. तुमच्याकडे उलटं असेल."

रुबेन आधी शिडीने माझ्याकडे आला. झाकण काढून त्याने पंख्याला बोट लावले. पंखा कण्हत फिरला. "डोन्या ओफेलिया," तो तिकडच्या मानाच्या हाकेने खाली ओरडला, "याला हळूच्या बटणावर चालू द्या. जोरात लावलात तर बेअरिंग जाम होईल, नाहीतर पट्टा पेट घेईल. म्हातारा संपलाय."

मला वाईट वाटले, पण त्यात खोटे काही नव्हते.

घरात त्याला बोळातले दिव्याचे बटण गरम लागले. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण बडबड थांबली ती मी ऐकली. "माळ्यातल्या तारा बघायला हव्यात," तो म्हणाला. "जुन्या, कापड गुंडाळलेल्या असतील. सांधा जळत असेल तर हे घर एक दिवस पेटेल."

"आत्ता जाऊ नकोस," ओफेलिया म्हणाली. "मेंदू शिजेल तुझा."

"पाच मिनिटांचं काम. ही पोरगी संध्याकाळी सही करणार, डोन्या. मी न बघता तिला काय सांगू?"

बोळातल्या कपाटाच्या वर माळ्याचे चौकोनी तोंड होते. त्याची फळी सरकवून तो आत शिरला. खाली दोघी स्वयंपाकघरात लिंबाचे सरबत घेत बसल्या. आता येईल, मग येईल, असे त्यांना वाटत राहिले.

मी मात्र त्याला ऐकत होतो. आधी त्याचे सरपटणे ऐकू येत होते, मग त्याचा श्वास. जळका सांधा त्याला सापडला हे मला कळले, कारण तो स्वतःशीच "हा बघ चोर" असे म्हणाला. परत फिरताना त्याच्या दोन्ही पायांत पेटके आले. तो कळवळला. त्याने हाक मारली, पण घशाला कोरड पडली होती आणि माझ्या पंख्याच्या घरघरीत ती हाक विरून गेली. मित्रांनो, मला त्या वेळी बंद पडावेसे वाटले. आयुष्यभर ज्या आवाजाचा अभिमान बाळगला, तोच आवाज त्याच्या हाकेवर बसला होता. मग त्याने मुठीने माझ्या नळीवर ठोकायला सुरुवात केली. ठोका हळूहळू मंद होत गेला.

ओफेलियाने पेला खाली ठेवला. "गप्प का आहे तो?" ती म्हणाली. "या माणसाचं तोंड कधी बंद नसतं." ती काठी टेकत बोळात गेली. "रुबेन! ओ दे रे!"

वरून फक्त एक ठोका आला.

कर्स्टनने फोन केला. अग्निशमन दलाची गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या आगीवर गेली होती. येत आहोत, असे ते म्हणाले. कर्स्टन कपाटात चढली. माळ्याच्या तोंडातून डोके आत घातले आणि खोकत मागे आली. वरच्या हवेने तिचे डोळे भाजले होते. आणि तो अंगाने दांडगा, तुळयांच्या पलीकडे अडकलेला. तिच्याने तो ओढला गेला नसता.

"खिडक्या उघडते सगळ्या, दारंही," असे म्हणत ती धावली. "त्याला हवा मिळेल."

माझा जीव टांगणीला लागला. अग बाई, उघडू नकोस! खिडक्या उघडल्यास तर माझा वारा तिकडे पळून जाईल, त्याच्याकडे फिरकणारही नाही. हे मी कोणाला आणि कसे सांगणार होतो?

"थांब," ओफेलिया म्हणाली. "बंद कर. स्वयंपाकघराचीसुद्धा. सगळं बंद."

"अहो, माणूस मरतोय वर!"

"म्हणूनच सांगते. जिकडची वाट उघडी, तिकडे वारा जातो. एकच वाट ठेवायची, वरची, माळ्यातून त्याच्या झरोक्यांनी बाहेर. लाव दारं, पोरी, वाद नको."

कर्स्टनचा विश्वास बसला नव्हता. तरी तिने खिडक्या लावल्या, दरवाजे लावले. ओफेलिया माझ्या बटणापाशी गेली. पण बटण लगेच फिरले नाही. रुबेन काय म्हणाला होता ते तिला आठवत असणार. मग तिने बटण जोरावर फिरवले.

तीन वर्षांत मी तसा फिरलो नव्हतो. बेअरिंग किंचाळले, पट्ट्याचा जळका वास आला, अंगाचा पत्रा थडथडला. पण घरात कोंडलेली सारी हवा उसळून माळ्याच्या तोंडातून वर निघाली. माझ्या गाद्या मात्र एका बाजूने कोरड्या ठणठणीत होत्या, त्यामुळे निम्मी हवा गरमच जात होती. ओफेलियाला ते हाताच्या तळव्यावर कळले. "गाद्या सुकल्यात. अंगणात पाण्याची नळी आहे, ती घेऊन छपरावर जा, भिजव त्याला."

कर्स्टन रुबेनच्याच शिडीने वर आली. उन्हात पडलेल्या नळीतून आधी उकळते पाणी आले, तिचे हात पोळले, पण तिने नळी सोडली नाही. छप्पर चटके देत होते आणि ती एकेका पायावर उभी राहून मला पाणी पाजत होती. पाणी गरम असले तरी मला चालते. ओल मिळाली की पुढचे मी बघून घेतो.

खाली ओफेलिया माळ्याच्या तोंडाखाली उभी राहून हाका मारत होती. "रुबेन, वारा येतोय का? तोंड इकडे कर. झोपू नको. तुझ्या आईचं नाव सांग. सांग म्हणते ना!"

कितीतरी वेळाने वरून आवाज आला, "एर्लिंडा."

"परत सांग."

"एर्लिंडा... डोन्या, गार लागतंय."

ती रडली, पण हाका मारायची थांबली नाही. मी फिरत राहिलो. थांबलो तर हा माणूस जाईल, एवढेच मला कळत होते. बंब आला, दोन जवान सरपटत आत गेले, त्यांनी त्याला चादरीवर ओढून बाहेर काढले. त्याला घेऊन गाडी गेली, तेव्हा ओफेलियाने बटण बंद केले. त्यानंतर मी पुन्हा फिरलो नाही. बेअरिंग जाम झाले होते.

ओफेलियाने मुदत आपणहून वाढवून दिली. काही दिवसांनी, अजून उजाडायचे होते तेव्हा, रुबेन परत आला. आधी माझ्याकडे आला. त्याने माझ्याबद्दल लिहिले, "कूलर निकामी. काढून टाकावा." मग माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "खरं तेच लिहावं लागतं, म्हाताऱ्या," तो म्हणाला. मला राग आला नाही. तो खोटे लिहिणारा असता तर त्या माळ्यात चढलाच नसता.

आता मी अंगणात भिंतीला टेकून भंगाराच्या गाडीची वाट बघतो आहे. कर्स्टनने घर घेतले आणि माझ्या जागी नवा कूलर बसला. त्याला तेल कधी द्यायचे ते ओफेलियाने नोगालेसला जाण्याआधी कर्स्टनकडून दोनदा म्हणवून घेतले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्राला वेळेवर तेल द्या. ते तोंडाने मागणार नाही. पण त्याहून मोठी गोष्ट मला सांगायची आहे. त्या पहाटे रुबेन उरलेला माळा तपासायला पुन्हा आत शिरला, तेव्हा कर्स्टन सरबत घेत बसली नाही. कपाटात उभी राहून ती सारखी विचारत होती, "रुबेन, आहात ना?" आणि वरून तो वैतागून म्हणत होता, "आहे हो, आहे, काम करू द्या." तसा वैताग ऐकायला फार गोड लागतो. तुमच्यासाठी कोणी माळ्यावर चढले, विहिरीत उतरले, गटारात उतरले, तर खालून, वरून, जिथे असाल तिथून त्याला हाक मारत राहा. ओ येईपर्यंत.