चोविसावी बाटली

मी एक जुनी गोटी सोड्याची बाटली आहे. अंगाने जाड, रंगाने हिरवट. माझ्या गळ्यात काचेची एक गोटी आहे. आत गॅस भरला की ती वर सरकून तोंड बंद करते आणि कुणी बोटाने दाबली की खाली पडते. मित्रांनो, मी कुठे घडले ते मला सांगता येत नाही. भट्टीतला उजेड तेवढा आठवतो.

माझी कामाची वर्षे नारपोलीत गेली. शांताबाईची सोड्याची गाडी कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांसमोर उभी असे. कामगारांना बाटली आत, लूमपाशी न्यायची असे. सुरुवातीला शांताबाई बाटलीमागे पाच रुपये ठेवून घेई. पण माणसे पाच रुपये सोडून देत आणि बाटली आतच कुठेतरी फुटे. मग तिने पैसे बंद केले आणि जेवणाच्या डब्याचे झाकण ठेवून घेऊ लागली. झाकणाशिवाय डबा घरी कसा न्यायचा? शिफ्ट सुटली की गाडीभोवती गर्दी होई.

"मावशी, ढक्कन दो!"

"पहले बोतल दे, राजा."

पुढे तिथले लूम कमी झाले. शांताबाईने गाडी पूर्णा गावातल्या गोदामांच्या रस्त्यावर आणली. फुटत फुटत आम्ही एका क्रेटपुरत्या उरलो होतो, चोवीस जणी. नव्या कुठे मिळत नव्हत्या. सोडा भरून देणारे केसरीनाथशेठ तिला म्हणाले, "पुरा क्रेट असेल तरच मशीन लावीन. तेवीस झाल्या की काच बंद. मग प्लास्टिक घे." प्लास्टिकची बाटली दर वेळी नवी घ्यावी लागते. त्यात शांताबाईला काही उरत नसे. तिची गाडी आमच्या चोवीस जणींवर चालली होती.

एका मंगळवारी ओमकार आला. तो गोदामात माल चढवी आणि बाहेरच जेवी.

"मावशी, डबाच नाही तर झाकण कुठून आणू? टोपी ठेवू का?"

"नको बाबा, वास येतो तिला."

ओमकार हसला आणि त्याने बाटली परत करेपर्यंतची ठेव म्हणून फोनवरून वीस रुपये जास्तीचे पाठवले. शांताबाईने नाही म्हणायला हवे होते. तिने बाटली दिली. ती बाटली मी होते.

सोडा संपल्यावर त्याने मला गोदामामागच्या गवतात टाकले. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या पसरल्या होत्या. शनिवारी क्रेट भरायला जाणार होता. बुधवार गेला, गुरुवार गेला.

शुक्रवारी सखी आली. ती वळ गावाजवळच्या पाड्यावरची. प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला किलोवर विकत असे. तिने मला उचलले, हलवले. गोटी वाजली. काचेला भंगारात भाव नव्हता, पण अशी बाटली तिने गाडीवर पाहिली होती. ती तशीच शांताबाईकडे आली.

"ही तुझी हाय का गं बाय?"

शांताबाईने मला पदराने पुसले आणि वीसची नोट सखीच्या हातावर ठेवली.

"मी कुठं पैसं ठेवलं व्हतं?"

"ठेवणारा विसरला. आणलीस तू, तर तुझे."

सखीने पाठीवरची गोणी खाली ठेवली. गोणीत शंभरेक प्लास्टिकच्या बाटल्या होत्या.

"मंग ह्यांच्यावर कोनी काय ठेवलंय?"

"कुणी काही नाही."

"म्हनून गवतात पडल्यात."

तेवढ्यात ओमकार आला. मला क्रेटमध्ये पाहून त्याने हात पुढे केला. "मावशी, बाटली आली ना? माझे वीस द्या."

सखीने नोट कमरेला खोचली.

"ते गेले," शांताबाई म्हणाली. "आता झाकण नसेल तर इथेच उभा राहून पी."

तो उभा राहून प्यायला. सखी त्याच्या हातातल्या बाटलीकडे ती रिकामी होईपर्यंत बघत राहिली.

शनिवारी केसरीनाथशेठनी चोवीस बाटल्या मोजून घेतल्या आणि मशीन लावले.

मित्रांनो, माझे वय झाले आहे. एक दिवस मी फुटेन. त्याचे मला फार वाटत नाही, फक्त ते कामात असताना व्हावे. तुम्हाला एवढेच सांगते, की भरलेली बाटली घेऊन जाताना आपले असे काहीतरी मागे ठेवा, जे घेतल्याशिवाय तुम्हाला घरी जाता येणार नाही. ते न्यायला याल तेव्हा बाटलीही परत येईल. सखीच्या गोणीतल्या त्या शंभर जणींसाठी कुणाचेच झाकण अडकलेले नव्हते.