केसासारखी शेवई

ओसरीत बाजेला काड्या बांधून शेवया करणं चालू होतं. आठ वर्षांच्या छकुलीच्या हातून केसासारखी बारीक शेवई निघत होती. "पोरीच्या हातात कला हाय," शेजारीण म्हणाली. आजी मनकर्णाबाई मात्र हातातला गोळा ठेवून उठल्या. त्यांचा लेक हर्षल या वयात अशीच शेवई ओढायचा, अन् वर्गात पहिला यायचा.

तोच हर्षल, छकुलीचा बाप, आता दारात बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. सोडले की ते आपोआप उडत. गावाला वर्षभर वाटलं, हा पिऊन राह्यला. सुचितानं, त्याच्या बायकोनंही त्याचं तोंड हुंगून पाहिलं होतं. निघाला तो मेंदूचा आजार, रक्तातून पुढच्या पिढीत उतरणारा.

परवाच शहरातल्या डॉक्टरांनी अभ्यासासाठी छकुलीच्या मेंदूचे फोटो काढले. बापाचा आजार तिच्यात उतरायची शक्यता निम्मी, ते म्हणाले. उतरला असेल, तर अशा काही मुलांचा मेंदू लहानपणी उलट इतरांच्या पुढे पळतो. खात्रीची तपासणी मात्र अठराव्या वर्षाआधी करत नाहीत.

सुचितानं लेकीचं मनगट धरलं. "जाडी काढ माय. तुटली तरी चालते."

छकुली गोंधळली. "पण आई, माही तुटतच नाही."