थर्झा मावशीचा खलाशी

१८८७च्या मार्चमध्ये ‘इथेलिंडा’ नावाचं संत्री घेऊन येणारं जहाज धुक्यात वाट चुकलं आणि आमच्या बेटाच्या पश्चिमेच्या खडकांवर आपटून फुटलं. आम्ही सहा जण वल्ही मारत पोचलो, तेव्हा पाण्यावर फळ्या आणि संत्री तेवढी तरंगत होती. पुढच्या चार दिवसांत भरतीनं नऊ माणसं किनाऱ्यावर आणून टाकली. जिवंत एकही नव्हता.

जहाजाच्या मालकांनी आठ नावं पाठवली आणि आठ जणांची ओळख पटली. नववा त्यांच्या यादीतच नव्हता. तिशीचा, लालसर दाढीचा, डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली. पाद्रीबाबांनी त्याला नावाशिवायच पुरलं.

प्रेतांना अंघोळ घालायचं काम आमच्याकडे थर्झा मावशीचं. आमच्या बेटांवर म्हाताऱ्या बायकांना सगळेच मावशी म्हणतात, पण हिला तसं म्हणताना जरा दबकूनच म्हणत, इतकी तिची जीभ तिखट. तिचा एकुलता एक मुलगा ओबेड नऊ वर्षांपूर्वी पार दक्षिणेच्या टोकाला, केप हॉर्नकडे गेलेल्या जहाजावर होता. ते जहाज कुठल्याच बंदराला लागलं नाही. त्या नवव्या माणसाचे कपडे मावशीनं धुऊन, वाळवून आपल्या पेटीत ठेवले. कबरीभोवती पांढरे गोटे लावले, वर फुलं ठेवली. रोज दुपारी ती तिथं जाऊन बसायची आणि त्याला गावातल्या बातम्या सांगायची. कुणाची गाय व्याली, कोण कुणाशी भांडलं, सगळं. लोक हसायचे. मावशी म्हणायची, “हसा. तुमच्यापेक्षा तो बरा, मधेच तोंड घालत नाही.”

दोन वर्षांनी, एप्रिलात, पोर्थमेलिन गावाहून टॅम्सिन नावाची एक बाई आली. मोठ्या बेटावरून तिला मी माझ्याच होडीतून आणलं. वाटेत ती दोनदा ओकली आणि दोन्ही वेळा माझी माफी मागितली. तिचा नवरा जेबेझ आजारी पडून कार्डिफच्या इस्पितळात राहिला होता. त्याचं जहाज त्याला सोडून निघून गेलं. बरा झाल्यावर तो ऐनवेळी दुसऱ्या कुठल्याशा जहाजावर चढला, एवढंच तिला कळलं होतं. जहाज कोणतं, ते सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून ती किनाऱ्यावरच्या एकेका चर्चला पत्र घालत होती : तुमच्याकडे अर्ध्या करंगळीचा कुणी पुरलाय का? बाविसावं पत्र आमच्याकडे आलं.

मावशीनं तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि पेटी उघडायला मात्र फार वेळ लावला. आधी शर्ट काढला. टॅम्सिननं मान हलवली, “हा नाही ओळखत मी.” मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, ते मला स्पष्ट दिसलं. मग मोजे निघाले. करडे, पण एका टाचेला निळ्या लोकरीचं रफू.

टॅम्सिननं मोज्यात हात घातला आणि टाचेवरून बोट फिरवत राहिली.

“करडी लोकर संपली होती,” ती म्हणाली. “मी म्हटलं, बुटात कोण बघतंय.”

मग मावशी म्हणाली, “मी बघितलं, पोरी. बघितलं आणि म्हटलं, याची कुणीतरी आहे.”

आम्ही तिघं कबरीपाशी गेलो. टॅम्सिन रडली नाही. गोटे बघितले, फुलं बघितली.

“कुणी केलं हे सगळं?”

“हिनंच,” मी म्हणालो. “रोज येऊन गप्पा मारते.”

“इझ्रा, तू तुझी होडी सांभाळ,” मावशी करवादली. मग टॅम्सिनकडे न बघता म्हणाली, “आता तू आलीस. नाव लागेल. मी नाही येणार यापुढे.”

“का बरं?”

“दुसरीच्या नवऱ्याशी काय बोलायचं?”

टॅम्सिनला एकदम हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचा बांध फुटला. डोळे पुसत ती म्हणाली, “मावशी, घरी तो कुणाला बोलू द्यायचा नाही. दोन वर्षं तुम्ही त्याला ऐकायला लावलंत. मला सात वर्षांत नाही जमलं. तुम्ही येत जा.”

संध्याकाळभर मग ती त्याच्याबद्दल सांगत राहिली : तो गाताना कसा बेसूर व्हायचा, मासे सोडून सगळं आवडीनं कसा खायचा. मावशी एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होती. शेवटी तिनं हळूच विचारलं, “माझ्या ओबेडसाठी असं कुठं कुणी करत असेल का गं?”

टॅम्सिननं कागद मागितला. “उंची सांगा. केस कसे? अंगावर काही खूण?”

“डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग. लहानपणी किटली ओढली होती मेल्यानं.”

दुसऱ्या दिवशी परत नेताना होडीत टॅम्सिन मला म्हणाली, “दाराची कडी वाजली की मी उठते. आता उठायचं नाही, हे कळतंय. पाय ऐकतील का?” मी वल्हं मारत राहिलो.

जेबेझच्या नावाची पाटी त्या उन्हाळ्यात लागली. टॅम्सिन दर वर्षी एप्रिलात येऊ लागली आणि घरी बसून दक्षिणेकडच्या बंदरांना ओबेडबद्दल पत्रं लिहू लागली. चार वर्षं ‘माहीत नाही’ अशीच उत्तरं आली, काहींचं तर तेही नाही. पाचव्या वर्षी केप हॉर्नच्या वाटेवरच्या फॉकलंड बेटांवरच्या एका पाद्र्याचं आलं. ते टॅम्सिननं मावशीच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. खांद्यावर डाग असलेल्या माणसाची नोंद त्याच्याकडे नव्हती. पण त्याच्या चर्चमागं नाव नसलेल्या खलाशांच्या पाच कबरी होत्या आणि पत्र मिळालं त्या रविवारी त्यानं पाचही कबरींवर फुलं ठेवली होती.

“किती म्हणालीस?”

“पाच.”

“नीट वाच.”

टॅम्सिननं परत वाचलं. मावशी हात मांडीवर घेऊन ऐकत होती. तिला पुन्हा ऐकायचं होतं, मग पुन्हा वाचलं.

“त्याला उत्तर लिही,” ती म्हणाली. “आभार मान. आणि विचार, तिथं वारा फार असतो का. ओबेडला वाऱ्यानं कान दुखायचे.”