खंडेनवमीचं तेल

पुंजारामनं रेडिओ दुरुस्तीवाल्या वहाबच्या टेबलावर ठेवला आणि आधीच बजावलं, "काहीही कर, पण आतला भाग बदलू नको. सरूच्या हातचा आहे."

त्याची बायको सरूबाई जाऊन सात महिने झाले होते. दर खंडेनवमीला ती शिवणयंत्र, कात्री, अडकित्ता पूजेला मांडायची. शेजारी रेडिओही. त्याला कुंकू लावायची आणि आवाजाच्या बटणात यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडायची. यंदा ते पुंजारामनं केलं. बाटली जास्त कलली, तेल भळकन गेलं आणि रेडिओ मुका झाला. चार दिवस त्याला घास गेला नाही.

वहाबनं बटणामागची पत्र्याची डबी उघडली. "काका, एवढं तेल? हा काय बैलगाडीचा आख आहे?"

"म्हणजे मीच घालवला ना?"

"दम धरा की जरा."

डबीत नालाच्या आकाराची पट्टी होती, वर काळ्या कार्बनचा थर. बटण फिरवलं की पितळेची बारीक जीभ त्या थरावरून सरकायची आणि आवाज कमीजास्त व्हायचा. वहाबनं तेलाचा चिखल स्पिरिटनं पुसला. पट्टीच्या सुरुवातीला बोटभर जागेत थर पार झिजून गेला होता. पुढं तो नव्यासारखा काळाभोर.

"तेलानं नाय गेला, काका. हे बघा. जीभ रोज इथवरच यायची, पुढं कधी गेलीच नाय. इतकं हळू कोण ऐकतं?"

पुंजाराम बघत राहिला. अठरा वर्षं तो चिकलठाण्याच्या कंपनीत रातपाळीला होता. दिवसा झोपायचा. कधी डोळा उघडला तर सरू रेडिओला कान लावून काजं करत बसलेली दिसायची. "काय गं, चहाड्या सांगतो का तो तुला?" असं म्हणून तो कूस बदलायचा. रेडिओचा आवाजच तेवढा, असं त्याला वाटायचं.

"माझ्या झोपेपायी," तो म्हणाला.

वहाबनं खणातून नवा भाग काढला. "नवीन बसवला तर पाच मिनिटांचं काम."

"नको."

मग वहाबनं चिमट्यानं जीभ केसभर वाकवली. "आता झिजलेल्या जागेच्या बाजूनं चालेल. भाग तोच."

रेडिओ लावला. बाजारभाव सगळ्या गल्लीला ऐकू गेले. पुंजारामनं बटण मागं फिरवलं, पार सुरुवातीपर्यंत, आणि वाकून कान लावला.

"काका, येतं का काही ऐकू?"

पुंजारामनं हात वर करून त्याला गप्प केलं.