दोन काठ्यांची जोडी

मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या बाईंनी गळाच्या दोन्ही काठ्या काउंटरवर आडव्या ठेवल्या तेव्हाच लायनेलला कळलं, आपल्या पेन्शनीत एकच बसेल. ग्रॅहमचंही तेच. जन्मभर दोघांनी एकाच डेपोत बस चालवली, तेव्हा खिसेही सारखेच.

"तळ चाचपायची ही खुणेची काठी स्वस्तातली चालेल," बाई म्हणाल्या. "दोरीला बांधलेलं शिसं पाण्याच्या तळावरून ओढताना खाली खडी आहे की चिखल, एवढं हाताला कळलं की झालं. चारा फेकायची मात्र दणकट घ्या. लेचीपेची असली तर चाऱ्याने भरलेलं नळकांडं फेकताना मोडून हातात येते."

"मी खुणेची घेतो, तू चाऱ्याची घे," लायनेल म्हणाला.

"म्हणजे तू शोधणार आणि मी हमाली करणार. संसारातही माझं हेच झालं," ग्रॅहम म्हणाला. बाई हसल्या. ठरलं ते असं: काठ्या दोन घरी राहतील, पण त्या घेऊन तळ्यावर जायचं ते दोघांनी मिळूनच.

हा सगळा खटाटोप बिशपसाठी. खडीच्या जुन्या खाणीत साचलेल्या त्या तळ्यातला हा सगळ्यात थोराड कार्प मासा. मासेमारी क्लबातल्या बऱ्याच जणांचे, त्याला पकडून परत पाण्यात सोडण्याआधी काढलेले फोटो काठावरच्या खोपटात टांगलेले होते. लायनेलचा नव्हता. त्यात क्लबाचा तळ्याचा करार मार्चअखेर संपत होता आणि नवा मालक कोणाला गळ टाकू देणार नव्हता. शिवाय एकदा गळाला लागलेला बिशप पुढे महिनाभर चाऱ्याला तोंड लावत नसे.

लायनेलने हिवाळाभर तळ चाचपला. बोटं बधिर होईपर्यंत शिसं फेकायचं आणि हळूहळू ओढायचं. फेब्रुवारी सरता सरता त्याला चिखलाच्या मधोमध जेवणाच्या टेबलाएवढी स्वच्छ खडी सापडली. गवतात दोन खुंट्या ठोकून त्याने खडीपर्यंतचं अंतर चाऱ्याच्या काठीच्या दोरीवर मोजून घेतलं, तिथे लाल धागा बांधला आणि दोरी रिळाच्या चिमट्यात अडकवली, म्हणजे त्यापुढे ती सुटणार नाही. आता पलीकडच्या दुबेळक्या पॉपलरच्या झाडाकडे तोंड करून कोणीही फेकलं तरी चारा नेमका खडीवर पडणार होता.

संध्याकाळी धागा सोडायचा आणि दोरी चिमट्यातून काढायची, ही लायनेलची शिस्त. पण मार्चच्या मध्यावर एका रविवारी त्याचा गुडघा ठणकत होता.

"राहू दे तशीच," ग्रॅहम म्हणाला. "पुढच्या रविवारी परत कुठे मोजत बसतोस?"

लायनेलला हे काळजीचं बोलणं वाटलं. काठी तशीच ग्रॅहमच्या घरी गेली.

गुरुवारी गुडघा दाखवून लायनेल दवाखान्यातून बाहेर पडतोय, तोच ग्रॅहमचा फोन आला. "लायनेल, कॅमेरा घेऊन ये बाबा लवकर. बिशप झोळीत आहे. इथे फोटो काढायला चिटपाखरू नाही."

तळ्याकाठी चाऱ्याची काठी झुडपाला टेकवलेली होती. चिमट्याजवळ लाल धागा होता.

"एकटाच आलास," लायनेल म्हणाला.

"बायकोने घराबाहेर काढलं रे. म्हटलं, काठी आहेच. चिमट्याने अडवलं तिथे चारा पडला, त्यावर गळ टाकला. त्यात माझी कसली अक्कल?"

आयत्या बिळावर नागोबा, आणि वर विनय. हिवाळाभर गारठलो मी, आणि हा डुलकी काढून उठल्यासारखा येऊन घेऊन गेला. कॅमेरा पाण्यात भिरकावून द्यावा, असं लायनेलला वाटलं.

"तूही धर ना जरा. तुझाही काढतो."

"दुसऱ्याचा मासा मी धरत नाही."

त्या तळ्यावर कोणीच धरत नसे, आणि ग्रॅहमला ते ठाऊक होतं. लायनेलने फोटो मात्र नीट काढला, बिशपच्या खांद्याजवळचं नाण्याएवढं खवलं दिसेल असा. माशाचा काय दोष? मग ग्रॅहमने झोळी पाण्यात उतरवली आणि बिशप सावकाश निघून गेला.

सामान आवरताना ग्रॅहमने चाऱ्याची काठी लायनेलच्या गाडीत ठेवली.

"घेऊन जा. माझं काम झालं, तळंही चाललंय. तुझी जोडी तरी पुरी होईल."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. लायनेलला तेच जास्त लागलं. तरी त्याने ती काठी गाडीतच राहू दिली.

घरी येऊन त्याने ती काठी शेडमध्ये खुणेच्या काठीशेजारी उभी केली. लाल धागा सोडायला हात नेला आणि मागे घेतला. मार्च संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि बिशप आता महिनाभर चाऱ्याला तोंड लावणार नव्हता. अंतर मोजलेलं होतं, काठ्या दोन्ही घरात होत्या, आणि रविवारी तो कुठेही गेला नाही.